जीटीओ, मस्टँग, चार्जर: पगारदाराच्या गाडीची दंतकथा कुणी केली?

वुडवर्डकर · सोमवार, रात्री १०.१५

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. वय ऐंशीच्या पुढे. मिशिगनमधल्या पॉन्टिअ‍ॅक शहरात मोटारींच्या कारखान्यात उभी हयात गेली. त्यांच्या गॅरेजमध्ये १९६६ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ आहे, नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत पैसे साठवून स्वतः शोरूममधून आणलेली. दरवर्षी बर्फ वितळून रस्त्यांवरचं मीठ पावसानं धुऊन गेलं की ते तिच्यावरची ताडपत्री काढतात. या वर्षी हात थरथरतात म्हणून मला हाक मारली.

बॉनेट वर केलं तर आत तीन कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारे भाग, एका ओळीत, आगगाडीच्या डब्यांसारखे. त्यांनी किल्ली फिरवली. मी मडगार्डवर हात टेकून उभा होतो. आधी तळहाताला कंप जाणवला, मग पोटात, आणि आवाज जणू सगळ्यात शेवटी कानात शिरला. थोडी रेस दिली तशी अख्खी गाडी एका कुशीवर झुकून परत सरळ झाली. फक्त आयडलिंगला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू ठेवल्यावर, इंजिन अडखळत होतं. दर दोन-तीन सेकंदांनी एक ठोका चुकायचा. आजोबा म्हणाले, गेल्या हिवाळ्यापासून हे सुरू आहे. कुणा जाणकाराला काही सुचलं तर जरूर सांगा.

तेव्हापासून या गाड्यांबद्दल, म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन घातलेल्या अमेरिकन 'मसल कार'बद्दल, मिळेल ते वाचतो आहे. जीटीओचा जन्मच मुळी नियमाला बगल देऊन झाला. जानेवारी १९६३मध्ये जनरल मोटर्सनं आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींपासून लांब राहायला सांगितलं. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असाही दंडक होता. पॉन्टिअ‍ॅक या जनरल मोटर्सच्याच विभागाचे मुख्य अभियंता तेव्हा जॉन डिलोरियन होते. त्यांच्या गटाच्या लक्षात आलं की मोठ्या गाडीतलं ३८९ घनइंचांचं, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन (इंग्रजी व्हीच्या आकारात बसवलेल्या आठ सिलिंडरचं) त्यांच्याच मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीमध्ये फारशी तोडफोड न करता बसतं. नवं मॉडेल म्हणून काढलं असतं तर वरून परवानगी लागली असती. म्हणून त्यांनी १९६४च्या टेम्पेस्ट ल मान्सवर घ्यायचा जादा पर्याय म्हणून ते विकायला काढलं, तीनशे डॉलरच्या आत. नाव फेरारीच्या गाडीवरून उचललं. पाच हजार खपल्या तरी पुष्कळ, असा अंदाज होता. पहिल्याच वर्षी ३२,४५० गेल्या आणि १९६६ साली सुमारे ९७ हजार.

आता वयाचा हिशेब करा. महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांची पहिली मुलं १९४६ची. ती १९६४ला अठरा वर्षांची झाली. कारखान्यांत भरती जोरात, पेट्रोल स्वस्त, आणि हातात पहिला पगार. तोवर वेग ही श्रीमंतांची मिरास होती. फेरारी घेणारा माणूस वेगळा आणि ती दुरुस्त करणारा वेगळा. जीटीओनं पहिल्यांदा असं केलं की गाडी बांधणारा मजूरच तिचा मालक झाला, आणि रविवारी अंगणात तिचं बॉनेट उघडून बसला.

मला या गाड्यांचं मोल वाटतं ते यासाठी. आज मात्र लिलावात लाखो डॉलर मोजले जातात आणि पोस्टरवर दिसतो तो पडद्यावरचा नायक. पगारदाराची गाडी दंतकथा कशी झाली, आणि त्यात तिचं मूळ हरवलं का, यावर तुम्हा सगळ्यांकडून ऐकायचं आहे.

प्रीमियर_कुर्ला · मंगळवार, सकाळी ७.५०

फार मनापासून लिहिलंय. माझे वडील कुर्ल्याला प्रीमियरमध्ये फिटर होते, त्यामुळे 'बांधणारा मजूरच मालक' हे वाचताना थांबलो. वडिलांनी आयुष्यभर गाड्या जोडल्या, स्वतःची कधी घेतली नाही.

वालचंद हिराचंदांनी १९४४ला काढलेल्या या कंपनीचा पहिला करार क्रायस्लरशी होता, हे आता फार थोड्यांना आठवतं. १९४७पासून कुर्ल्यातून डॉज आणि प्लिमथ बाहेर पडत होत्या, मग फार्गो ट्रक निघाले. फियाट नंतरची. त्याच्या आधी, १९२८पासून, शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना होता. पन्नाशीच्या दशकात धोरण बदललं, तोही गेला. म्हणजे अमेरिकेत ज्या दहा वर्षांत हा सगळा खेळ रंगला, नेमकी त्या दहा वर्षांत आपली दारं बंद. मुंबईच्या रस्त्यावर एखादी इम्पाला दिसली की पोरं मागे पळायची, पण ती मोठी आरामशीर गाडी. तुम्ही म्हणता ती ही नव्हे.

एक गणित केलं. ३८९ घनइंच म्हणजे ६,३७५ सीसी. आठनं भागलं तर एका सिलिंडरला ७९७. मारुती ८००चं अख्खं इंजिन ७९६ सीसीचं! म्हणजे आजोबांच्या बॉनेटखाली आठ मारुती आहेत. आणि पद्मिनीचं इंजिन १,०८९ सीसी, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. तेवढ्यात आम्ही सहा जण खंडाळ्याचा घाट चढायचो.

एक विचारतो. फोर्डच्या मस्टँगला मसल कार म्हणायचं का? आमच्याकडे यावरून भांडणं होतात.

वुडवर्डकर · मंगळवार, सकाळी ८.३०

आठ मारुती! आजोबांना हे समजावून सांगणार आहे.

मस्टँगबद्दल इथंही भांडतात. काटेकोर बोलणारे तिला 'पोनी कार' म्हणतात. १७ एप्रिल १९६४ला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात ती आली, किंमत २,३६८ डॉलरपासून पुढे. पहिल्या दिवशी बावीस हजार मागण्या नोंदल्या गेल्या. खाली सांगाडा मात्र फोर्डच्याच साध्या घरगुती फाल्कनचा. लांब बॉनेट, आखूड डिकी आणि पर्यायांची लांबलचक यादी. सहा सिलिंडरची घेऊन रोज ऑफिसला जा, नाहीतर व्ही-८ घालून सिग्नलवर दम दाखव. प्लिमथची बॅराकुडा तिच्या दोन आठवडे आधी बाजारात आली होती, पण त्या जातीला नाव मिळालं ते मस्टँगवरूनच.

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन. या व्याख्येत मस्टँग बसत नाही. पण १९६७पासून तिच्यातही ३९० घनइंचांचं इंजिन मिळायला लागलं. अशा मस्टँगला मी तरी मसलच म्हणतो.

रिळांचा_डबा · मंगळवार, रात्री ११.०५

३९०चा विषय निघाला म्हणून आलो. दंतकथा कुणी केली याचं माझ्यापुरतं उत्तर: १९६८चा 'बुलिट'. दिग्दर्शक पीटर येट्स, नायक स्टीव्ह मॅक्वीन, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारांवर दहा मिनिटं त्रेपन्न सेकंदांचा पाठलाग. गडद हिरवी मस्टँग जीटी ३९० आणि समोर काळी डॉज चार्जर, ४४० घनइंचांची.

पाठलाग सुरू कसा होतो ते बघा. आधी चार्जरमधले दोन मारेकरी मस्टँगच्या मागावर असतात. मग ती त्यांच्या नजरेआड होते. चालक चुळबुळत इकडेतिकडे बघतो आणि अचानक त्याच्याच आरशात ती मागून वर येताना दिसते. आता शिकारी कोण? चालक काही बोलत नाही. सावकाश कमरेचा पट्टा लावतो. सिग्नलला टायर किंचाळतात, आणि तिथंच लालो शिफ्रिनचं संगीत थांबतं. पुढे पूर्ण पाठलागभर फक्त इंजिनं, गिअर आणि टायर. अंधाऱ्या सभागृहात बसलेल्या माणसाला संगीतकारानं काहीही सांगितलं नाही, जे सांगायचं ते दोन व्ही-८ इंजिनांनी सांगितलं. संकलक फ्रँक केलर यांना ऑस्कर मिळालं ते उगीच नाही.

निरखून पाहणाऱ्यांना सापडतं की तीच हिरवी बीटल मोटार परत परत ओलांडली जाते, आणि चार्जरच्या चाकांवरच्या झाकण्या चारापेक्षा जास्त वेळा निखळतात. एकच धाव अनेक कोनांतून चित्रित करून वेगवेगळी वापरल्याचा हा परिणाम. मला त्यानं काही फरक पडत नाही.

वुडवर्डकर, तुमच्या मुद्द्याला धरून एक गोष्ट. त्या मस्टँगच्या जाळीवरचा धावता घोडा काढून टाकला होता. चकाकणारं जवळजवळ काहीच ठेवलं नाही. नायक पगारी पोलीस अधिकारी आणि त्याची गाडी वापरून मळलेली. म्हणजे सिनेमानं सुरुवातीला तरी मूळ हरवलं नव्हतं. त्यानं पगारदाराची गाडी पगारदारासकटच दाखवली.

हरवलं ते नंतर. चित्रीकरणातली मुख्य गाडी १९७४ साली एका कुटुंबानं जाहिरात वाचून सहा हजार डॉलरला घेतली. १९७७मध्ये खुद्द मॅक्वीननं त्यांना पत्र लिहून ती परत मागितली, त्यांनी दिली नाही. पुढे कितीतरी वर्षं ती त्यांच्याकडे गुपचूप पडून होती. जानेवारी २०२०मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात शुल्कासह ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली. रंग उडालेली, पत्र्यावर डाग असलेली, तशीच्या तशी.

सह्याद्रीचा_वारा · बुधवार, सकाळी ६.२०

वाचनखूण साठवली. 'बुलिट' आज रात्री परत बघणार, आवाज मोठा करून.

खडूफळा · बुधवार, दुपारी १.४०

मला इंजिनातलं काही कळत नाही, पण वरच्या दोन गोष्टी जोडाव्याशा वाटल्या. ती बुलिटची मस्टँग ज्या कुटुंबानं घेतली, त्यातली बाई शाळेत शिकवायची आणि रोज तीच गाडी घेऊन शाळेत जायची. १९८०मध्ये क्लच गेला तेव्हा ती थांबली. आणि अगदी पहिली मस्टँग विकत घेणारी म्हणून जिचं नाव घेतलं जातं, तीही शिक्षिकाच. शिकागोची, वय २२, नुकती नोकरी लागलेली. १५ एप्रिल १९६४ला, म्हणजे गाडी जाहीर व्हायच्या दोन दिवस आधी, तिला उघड्या टपाची गाडी हवी होती. शोरूममध्ये एकही नव्हती. विक्रेत्यानं तिला मागच्या बाजूला नेलं आणि आच्छादन काढलं. खाली फिकट निळी मस्टँग. तिनं किंमत विचारली आणि घेतली.

मी स्वतः नाशिकला बावीस वर्षं चौथीला शिकवते. पहिल्या पगारातून स्कूटी घेतली होती. शाळेच्या फाटकातून आत शिरताना मुलं कशी बघत होती ते अजून डोळ्यांपुढे आहे. त्या शिकागोच्या बाईंना काय वाटलं असेल ते मला नीट ठाऊक आहे. पडद्यावर या गाड्या नेहमी पुरुषांच्या हातात दिसतात. रस्त्यावर तसं नव्हतं.

कोल्हापुरी_स्पॅनर · बुधवार, रात्री ९.३०

वुडवर्डकर दादा, ठोका चुकतोय त्यावर बोलतो. तीन कार्ब्युरेटर कधी हाताळलेले नाहीत, पण राजदूत आरडी ३५० पंचवीस वर्षं करतोय. तिला दोन असतात आणि दोन्ही एका तालात आणायला लई जीव काढावा लागतो.

तुमच्या गाडीत साध्या चालीला मधलाच कार्ब्युरेटर काम करतो. बाहेरचे दोन कार्ब्युरेटर पायानं पेडल पूर्ण दाबल्यावरच उघडतात. मग मधल्याला दोष देण्याआधी हे बघा, की बाहेरच्या दोघांच्या थ्रॉटलच्या, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या, पट्ट्या पूर्ण मिटतात का. केसभर जरी फट राहिली तर फुकटची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं आणि आयडलिंगला ठोका चुकतो. आम्ही काय करतो, इंजिन चालू ठेवून कार्ब्युरेटरच्या बुडाशी क्लीनरचा बारीक फवारा मारतो. सूर बदलला की समजायचं, इथं हवा खातंय. इंजिन थंड असतानाच मारा. तापलेल्या मॅनिफोल्डवर उडालं तर पेट घेतंय.

आणि मला कुणीतरी हे सांगा. त्या व्ही-८चा आवाज असा का येतो? आठ सिलिंडरचं इंजिन फेरारीचंही असतंय, पण ते किंचाळतं. हे घशातल्या घशात गुरगुरतं. नाद खुळा आवाज आहे, पण कारण काय?

क्रँकशाफ्ट · गुरुवार, सकाळी १०.१०

स्पॅनरदादा, कारण क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरवणाऱ्या दांड्याच्या, आकारात आहे.

फेरारीच्या त्या इंजिनांत क्रँक सपाट असतो, सगळे हात एकाच पातळीत. अमेरिकन व्ही-८चा क्रँक समोरून पाहिला तर अधिकच्या चिन्हासारखा दिसतो, हात एकमेकांना काटकोनात. त्यामुळे इंजिनाची थरथर कमी होते, पण फायरिंग ऑर्डर, म्हणजे कुठल्या सिलिंडरनंतर कुठल्यात स्फोट होतो तो क्रम, चमत्कारिक होते. पॉन्टिअ‍ॅकमध्ये ती १-८-४-३-६-५-७-२ अशी आहे. विषम आकडे डाव्या बाजूचे, सम उजव्या. आता बाजू मोठ्यानं वाचा: डावी, उजवी, उजवी, डावी, उजवी, डावी, डावी, उजवी. पूर्ण इंजिनात दर ९० अंशांना एक स्फोट होतो, तिथं काही गडबड नाही. पण एका बाजूच्या धूर बाहेर नेणाऱ्या नळीत येणारे धक्के समान अंतरानं येत नाहीत. कधी ९० अंशांनी, कधी १८०, कधी २७०. दोन धक्के एकमेकांच्या पाठोपाठ येतात आणि मग मोठी विश्रांती.

दोन्ही बाजूंना वेगळा सायलेन्सर असला की ही लंगडी लय तशीच बाहेर पडते. तबल्यात तीनतालाच्या मात्रा सारख्या पडतात, पण बोल कधी दाटीनं येतात आणि कधी मोकळी जागा सोडतात, तसं ते आहे. सपाट क्रँकमध्ये प्रत्येक नळीत धक्के समान अंतरानं येतात म्हणून त्याचा सलग सूर लागतो.

पुण्यात एका प्रदर्शनात मी पहिल्यांदा जुनी चार्जर सुरू होताना ऐकली. त्याआधी तीन वर्षं हेच गणित विद्यार्थ्यांना फळ्यावर शिकवत होतो. त्या दिवशी ते छातीत कळलं.

पीचट्री_ताई · गुरुवार, रात्री ८.४५

धागा सुंदर चालला आहे. चार्जर आली आहे, तर तिची दुसरी बाजूही इथं यायला हवी. मी वीस वर्षं अटलांटात राहते.

'द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड' ही मालिका १९७९ ते १९८५ चालली. तिची नारिंगी १९६९ची चार्जर सगळ्यांनी पाहिली असेल, दारावर ०१ आकडा. दारं वेल्डिंग करून बंद केलेली असल्यामुळे दोघे भाऊ खिडकीतून आत शिरायचे. पहिले पाच भाग इथंच, जॉर्जियातल्या कव्हिंग्टन आणि आसपास चित्रित झाले. ११ नोव्हेंबर १९७८ला जवळच्या एका कॉलेजच्या आवारात त्या गाडीनं पोलिसांच्या गाडीवरून पहिली उडी मारली, सोळा फूट उंच आणि ब्याऐंशी फूट लांब. पुढचं इंजिन जड असल्यानं नाक खाली जाऊ नये म्हणून डिकीत वजन भरलं होतं. उतरल्यावर गाडी मोडीत. पुढे मालिकेनं अशा तीनशेच्या आसपास चार्जर संपवल्या. शेवटी तर गाड्या मिळेनात म्हणून छोटी मॉडेलं उडवून चित्रीकरण केलं.

पण त्या गाडीचं नाव 'जनरल ली'. रॉबर्ट ई. ली हे गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या फौजेचे सेनापती. आणि टपावर त्याच फौजेचा झेंडा रंगवलेला. माझ्याबरोबर रुग्णालयात काम करणारी एक कृष्णवर्णीय सखी आहे, साठीची. ती म्हणाली, लहानपणी शुक्रवारी रात्री ती मालिका आमच्याही घरी लागायची. गाडी उडाली की माझा भाऊ टाळ्या वाजवायचा, आणि वडील उठून स्वयंपाकघरात निघून जायचे. वडील का उठतात ते आम्हाला फार उशिरा कळलं.

जून २०१५मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीय माणसांना मारलं गेलं. त्यानंतर वाहिनीनं मालिकेचं पुनःप्रसारण थांबवलं आणि तो झेंडा असलेल्या खेळण्यांचं उत्पादनही बंद झालं. मालिकेतली पहिली गाडी ज्या गोल्फपटूकडे होती, त्या बब्बा वॉटसननं टपावर अमेरिकेचा झेंडा रंगवणार असल्याचं जाहीर केलं. पुष्कळ चाहते चिडले. मला ते योग्यच वाटलं. चार्जर देखणी आहे आणि तिला त्या झेंड्याची गरज कधीच नव्हती.

रिळांचा_डबा · गुरुवार, रात्री ११.३०

पीचट्री ताई, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मी ती मालिका लहानपणी भावाच्या कॅसेटवर पाहिली होती आणि झेंड्याला नुसती नक्षी समजत होतो. ते वडील उठून जातात ते आता विसरता येणार नाही.

मालिकेच्या दोन वर्षं आधीचा एक सिनेमा इथं नोंदवतो, कारण दंतकथा आणि बाजार यांचं नातं त्यात स्वच्छ दिसतं. १९७७चा 'स्मोकी अँड द बँडिट'. बर्ट रेनॉल्ड्स आणि काळी पॉन्टिअ‍ॅक ट्रान्स अ‍ॅम, बॉनेटवर सोनेरी पक्षी. पैज अशी की जॉर्जियातून टेक्सासला जाऊन बीअरचा ट्रक भरून २८ तासांत परत यायचं. अमेरिकेत त्या वर्षी 'स्टार वॉर्स'च्या खालोखाल हा चालला. ट्रान्स अ‍ॅम १९७७ला ६८ हजारांच्या वर खपल्या होत्या, १९७९ला आकडा १ लाख १७ हजारांवर गेला. आणि तेव्हा तिच्या ६.६ लिटरच्या इंजिनाची ताकद होती फार तर दोनशे-सव्वादोनशे अश्वशक्ती. म्हणजे स्नायू उरले नव्हते, पण पडद्यानं त्यांची आठवण विकून दाखवली.

सुरक्षित_अंतर · शुक्रवार, सकाळी ७.१५

मी पुण्यात अपघात विभागात काम करतो. या गाड्या मलाही आवडतात, म्हणूनच लिहितो.

१९६४ची जीटीओ सव्वातीनशे अश्वशक्तीची आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक १९६७ला मिळाले, तेही जादा पैसे देऊन. पट्टा कमरेपुरता, अरुंद टायर, पुढचा भाग जड. अशी गाडी एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हाती. १९७२ साली अमेरिकेच्या रस्त्यांवर साडेचौपन्न हजार माणसं मेली. सगळा दोष या गाड्यांचा नाही, पण विमा कंपन्यांना कुठली गाडी आणि कुठलं वय हे बरोबर दिसत होतं. त्यांनी हप्ते असे वाढवले की कारखान्यातल्या मुलाला गाडी परवडली तरी विमा परवडेना. वुडवर्डकर म्हणतात तो पगारदार पहिल्यांदा तिथं गळाला.

बाकीचं भराभर घडलं. १९७०चा स्वच्छ हवेचा कायदा, १९७१ला जनरल मोटर्सनं कमी शिशाच्या पेट्रोलसाठी सगळ्या इंजिनांचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधल्या मिश्रणावरचा दाब, उतरवलं, १९७२ला ताकद मोजायची पद्धत बदलून कागदावरचे आकडे धाडकन खाली आले. ऑक्टोबर १९७३च्या अरब तेलबंदीनं उरलंसुरलं संपवलं. शेव्हरोलेची १९७०ची शेव्हल एसएस ४५४ कागदावर ४५० अश्वशक्तीची होती. चार वर्षांनी आलेल्या १९७४च्या मस्टँगला व्ही-८चा पर्यायच नव्हता.

सिनेमात पाठलाग संपतो आणि नायक उतरून चालू लागतो. माझ्याकडे ती मुलं स्ट्रेचरवर येतात. गाडीवर प्रेम करणाऱ्यानं हे बाजूला ठेवू नये.

चिंचवड_०७ · शुक्रवार, रात्री १०.००

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या पिढीला हे सगळं तीन वाटांनी आलं. पहिली हॉट व्हील्स. १९६८च्या अगदी पहिल्या सोळा गाड्यांतही कमॅरो, मस्टँग आणि बॅराकुडा होत्या. मला पाचव्या वाढदिवसाला मामानं जांभळी मस्टँग दिली होती, ती अजून टेबलावर आहे. दुसरी २००१चा 'द फास्ट अँड द फ्युरिअस', त्यातली गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली, वडिलांची आठवण असलेली काळी १९७०ची चार्जर. तिसरी 'सुपरनॅचरल' मालिकेतली १९६७ची इम्पाला. तीही वडिलांकडून मुलाकडे आलेली. वरचं वाचताना लक्षात आलं, की आमच्यापर्यंत या गाड्या पोचल्या त्या वारसा म्हणून. नवी कोरी घेतलेली कुणी दाखवलीच नाही.

आपल्याकडे मस्टँग अधिकृतपणे आली २०१६ला, कारखान्यातूनच उजव्या स्टेअरिंगची, शोरूम किंमत ६५ लाख. म्हणजे इथं ती पहिल्या दिवसापासून श्रीमंताचीच. माझे बाबा चाकणला असेंब्ली लाइनवर आहेत. त्यांना हा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, त्या आजोबांना माझा नमस्कार सांग.

वुडवर्डकर · रविवार, रात्री ९.२०

सगळ्यांचे आभार. नमस्कार पोचवला. आजोबांनी हात जोडून तो स्वीकारला, कुठं शिकले कुणास ठाऊक. आठ मारुतींचं गणितही सांगितलं, ते त्यांनी बायकोला दोनदा ऐकवलं.

स्पॅनरदादा, तुमचं निदान बरोबर ठरलं. काल सकाळी थंड इंजिनावर फवारा मारला. पुढच्या कार्ब्युरेटरला काही नाही, मधल्याला काही नाही. मागच्याच्या बुडाशी मारला तसा सूर लगेच बदलला. काढून पाहिलं. थ्रॉटलच्या पट्टीचे दोन स्क्रू सैल होऊन पट्टी किंचित तिरकी बसली होती. आजोबांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, तर एका कडेनं नखाएवढी उजेडाची चंद्रकोर दिसत होती. स्क्रू मी फिरवले, पट्टी त्यांनी बोटानं धरून बसवली. तेवढ्या वेळात त्यांचा हात थरथरला नाही. तीनदा उजेडात पाहिलं, चंद्रकोर गेली. परत बसवून सुरू केलं, आणि क्रँकशाफ्ट यांनी लिहिलेली ती लंगडी लय एकही ठोका न चुकता लागली.

डॉक्टर, तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. आजोबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांच्या पाळीतल्या दोन मुलांची नावं घेतली. एक एकवीस वर्षांचा, एक तेवीसचा. दोघंही याच रस्त्यावर गेली.

हा रस्ता म्हणजे वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू, डेट्रॉइटपासून पॉन्टिअ‍ॅकपर्यंत जाणारा. १९०९ला अमेरिकेतला काँक्रीटच्या महामार्गाचा पहिला मैल याच रस्त्यावर झाला. साठच्या दशकात शनिवारी रात्री इथं एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत शर्यती लागायच्या आणि कंपन्यांचे इंजिनिअरही आपापल्या गाड्या घेऊन यायचे. आता १९९५पासून दर ऑगस्टमध्ये त्याची जत्रा भरते. पण काल आम्ही गेलो ते जत्रेला नव्हे. काल संध्याकाळी रस्ता बऱ्यापैकी रिकामा होता. आजोबा म्हणाले, 'तू चालव.' दोघांनीही कमरेचे पट्टे लावले. मी पहिल्यांदाच ते स्टेअरिंग धरलं. मोठं, पातळ, आणि साठ वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेलं.

रॉयल ओकच्या एका सिग्नलला थांबलो. शेजारी एक विजेवरची गाडी येऊन उभी राहिली, आत तरुण जोडपं. मुलीनं काच खाली केली, पण बोलली काही नाही. नुसती ऐकत बसली. आजोबा समोर दिव्याकडे बघत होते.

'वेगमर्यादा पंचेचाळीस आहे,' ते म्हणाले. 'तिथपर्यंत मात्र सबंध दाब. बाहेरचे दोघे उघडू देत.'

हिरवा लागला.